डावा गाल

आमच्या कारखान्यात कुणाचा गाल सुजला तर कुणी वळूनही बघत नाही. काच फुंकणाऱ्यांचा गाल सुजतोच. गालाच्या आतल्या बाजूला, वरच्या दाढांसमोर, लाळ तोंडात येण्यासाठी एक बारीकसं भोक असतं. वर्षानुवर्षं जोर लावून फुंकलं की ते भोक सैल पडतं आणि नळीत जायची हवा उलटी त्या भोकात शिरून कानाखालच्या लाळेच्या ग्रंथीत जाऊन बसते. गाल टम्म फुगतो. आमच्याकडे याला 'हवा भरली' म्हणतात. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. दुसऱ्या कुणीतरी कानापासून ओठांकडे अंगठ्यानं दाबत यायचं. आत चुरचुर आवाज होतो, तोंडात फेसाळ लाळ येते, ती थुंकली की गाल उतरतो आणि माणूस पुन्हा नळी उचलतो.

माझ्या बाबांचा गाल काका दाबायचे आणि काकांचा बाबा. दोघे सख्खे भाऊ, मिसरूड फुटायच्या आधीपासून एकाच भट्टीवर. तापलेल्या भट्टीसमोर एकमेकांचे गाल धरून उभे असलेले हे दोन म्हातारे बघून नवीन माणसाला वाटायचं, मारामारी चाललीय. तिसऱ्या कुणाला ते गालाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्यात एकदा काकांच्या जिभेखाली खडा झाला. लाळेचाच खडा, लाळेच्या वाटेत अडकलेला. जेवायला बसले की हनुवटीखाली लिंबाएवढी सूज यायची आणि जेवण झालं की हळूहळू ओसरायची. बाबांनी त्यांना लिंबं चोखायला लावली, खालून दाबत राहिले, आणि एके दिवशी चहा पिता पिता काकांनी तो खडा तळहातावर थुंकला. गव्हाच्या दाण्याएवढा, पिवळा. काकांनी तो बाटलीत घालून ठेवला. घरी येईल त्याला दाखवायचे. पाहुण्यानं हातातला कप खाली ठेवला तरी यांचं आपलं चालूच. तेव्हापासून दोघा भावांना आपण तोंडाचे डॉक्टर झाल्यासारखं वाटायला लागलं. तोंडात काहीही होवो, त्यांच्याकडे दोनच उत्तरं होती. हवा, नाहीतर खडा.

मी त्याच कारखान्यात माल तपासते. थंड होऊन आलेला दिव्याचा प्रत्येक गोळा उजेडासमोर धरायचा, त्यावरून बोटं फिरवायची, बुडबुडा, गाठ किंवा चीर सापडली की पिंपात टाकून फोडायचा. गोळा बाबांचा असो की काकांचा, मी कुणाची भीड ठेवत नाही. म्हणून सगळे मला फौजदार म्हणतात. तोंडावर हे म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत नाही आणि जाणून घ्यायची हौसही नाही.

त्या दुपारी काका माल पोचवायला बाहेरगावी गेले होते. चहाच्या सुट्टीत बाबा माझ्या टेबलाशी आले, डावा गाल पुढे केला आणि म्हणाले, "दाब गं जरा. हवा भरलीय."

"मी? मला कधीपासून हा मान?"

"मान कसला? अडलंय म्हणून. कानापासून पुढे ये. आणि घाबरू नकोस, मी फुटत नाही."

मी अंगठा टेकवला आणि दाबत पुढे आले. चुरचुर झाली नाही. पुन्हा दाबलं. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर, अंगठ्याला काहीतरी घट्ट लागलं. बाजूला सारायला गेले तर सरकेना. मी दिवसभर हातांनी हेच तर करते. गुळगुळीत जागेत नको ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. ही हवा नव्हती.

"जोर लाव की," बाबा म्हणाले. "जेवली नाहीस का आज?"

"बाबा, हे कधीपासून आहे?"

"काय?"

"ही गाठ."

"गाठ नाही, खडा आहे तो. जुना आहे. काका म्हणतो, सुटेल."

"किती जुना?"

"तू गाल दाबतेस की जबाब घेतेस?"

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि टॉर्च आणून 'आ' करायला लावलं. त्यांनी खूप कुरकुर केली, पण केलं. मी बाहेरून दाबलं तशी गालातल्या त्या बारीक भोकातून स्वच्छ लाळ आली. काही अडलेलं नव्हतं.

"जेवताना सूज वाढते का?"

"नाही."

"जेवल्यावर उतरते?"

"नाही. असते तशीच असते."

"दुखते?"

"अजिबात नाही. म्हणून तर म्हणतोय, काही नाही ते."

काकांच्या खड्याची कहाणी अख्ख्या कारखान्याला पाठ होती. खडा जेवताना छळतो. खडा लाळ अडवतो. इथे तर लाळ बिनबोभाट वाहत होती आणि सूज जेवणाला विचारतही नव्हती. म्हणजे हवा नाही आणि खडाही नाही. यापुढे आमच्याकडे तिसरं नावच नव्हतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटायला लागली.

"डॉक्टरकडे जाऊ या, बाबा."

"दुखत नाही म्हटलं ना?"

"दुखत असतं तर बरं झालं असतं."

बाबा उठले. "फौजदार, माझा गाल अजून तपासणीला आलेला नाही," असं म्हणून ते भट्टीकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी काका आले तसं मी त्यांना माल बांधायच्या खोलीत गाठलं. दार लावून घेतलं.

"काका, बाबांच्या गालात काय आहे?"

"हवा."

"काका."

"मग खडा असेल." ते माझ्याकडे न बघता कागदाच्या गठ्ठ्याकडे बघून बोलत होते.

"तुम्ही रोज हात लावता. ते वाढलंय की नाही?"

काकांनी एक कागद घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "आधी हरभऱ्याएवढा होता."

"आणि आता?"

त्यांनी अंगठा आणि बोट जवळ धरून माप दाखवलं. मग जरा थांबून ते अंतर आणखी वाढवलं.

"आणि तुम्ही मूग गिळून गप्प बसलात?"

"अगं, रोज लिंबू देतोय ना त्याला. दाबतोय ना."

"लिंबानं खडा सुटतो काका! हा खडाच नाहीये."

"हळू बोल." काकांनी दाराकडे बघितलं. "मोठ्या गोळ्यांचं काम हातात आहे. त्याच्याशिवाय ते कुणाच्या फुंकरीनं होत नाही, मलाही जमत नाही. एवढं संपू दे, मग बघू."

"काय संपू दे?" मी विचारलं. काका गठ्ठ्यातले कागद उगाच खालीवर करायला लागले. त्यांनाही भीती वाटत होती, ती त्यांच्या हातांत दिसत होती. पण मला तेव्हा त्यांची दया आली नाही, संताप आला. इतके दिवस याच हातांना सगळं कळत होतं.

मोठा गोळा फुंकताना मध्ये हवा सुटून चालत नाही. काच तोवर मधासारखी मऊ असते, तिला आतून हवेचाच आधार. तो आधार गेला की गोळा बसतो. बाबांचा गोळा बसलेला मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्या दिवशी मी मुद्दाम भट्टीपाशी जाऊन उभी राहिले. बाबांनी काच गोळा केली, नळी फिरवत ओठांना लावली आणि फुंकायला लागले. काच फुगू लागली आणि मला 'फुस्स' असा बारीक आवाज ऐकू आला. बाबांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटत होती. गोळा अर्धा फुगून एका अंगाला लोंबला.

बाबांनी दुसरी नळी घेतली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तीच लोंबलेली काच.

"सगळ्या नळ्यांची वाट लागलीय!" ते ओरडले. "कुणाचं लक्ष आहे की नाही इथे?"

काका पुढे आले. त्यांनी बाबांच्या हातातली नळी घेतली, लोंबलेली काच पुन्हा तापवली, नळीचं टोक पुसलंही नाही आणि फुंकलं. काच बाबांच्या गोळ्याएवढी मोठी झाली नाही, पण चारी बाजूंनी सरळ, एकसारखी फुगली. नळीत काहीच खोट नव्हती. काकांनी नळी खाली घेतली आणि भावाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"घेऊन जा त्याला," ते म्हणाले. "आजच घेऊन जा."

सर्जनबाई वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी बाबांना समोर बसवून आधी नुसतंच बघितलं. मग एकेक सांगायला लागल्या. भुवया वर करा. डोळे घट्ट मिटा. दात दाखवा. गाल फुगवा. शिटी वाजवा. बाबांनी भुवया उचलल्या, डोळे मिटले, ते सगळं ठीक होतं. दात दाखवताना तोंडाची उजवी बाजू चटकन वर गेली आणि डावी तिच्या मागून रेंगाळत आली. शिटी वाजलीच नाही.

"सकाळी वाजली होती," बाबा म्हणाले. खरं तर सकाळी त्यांना कुणी शिटी वाजवायला सांगितलं नव्हतं.

बाईंनी गाठ चाचपली, तोंडात बोट घालून आतूनही बघितली आणि विचारलं, "याला कुणी दाबत होतं का?"

"भाऊ," बाबा म्हणाले. "आमच्यात तशी पद्धत आहे." त्यांनी हवेचं सांगितलं, खड्याचं सांगितलं. बाई ऐकत होत्या. "हवा भरते तुमच्यासारख्यांच्या गालात, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण हवेसाठी दाबता दाबता तुमची गाठ झाकली गेली. आता दाबायचं नाही. सुई घालून थोडं पाणी काढते, ते तपासू."

तपासणीचं उत्तर येईपर्यंत घरात सगळे हळू बोलत होते. बाबा कामावर जात होते, पण लहान गोळेच करत होते आणि तेही आमच्याकडे पाठ करून. आई त्यांना चहा द्यायची आणि शेजारी गुपचूप एक रुमाल ठेवायची. आधी त्यांनी तो उचलला नाही. मग एकदा चहाचा थेंब डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आला आणि त्यांनी कुणाकडे न बघता रुमाल उचलला. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला, आत काय चाललंय ते ऐकू येऊ नये म्हणून.

उत्तर आलं ते वाईट होतं. सर्जनबाईंनी आम्हा चौघांना समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठ बरीच वर्षं साधी असावी. आता ती बदलली आहे. ती मुळासकट काढायला हवी आणि लवकर काढायला हवी.

"काढा की मग," आई म्हणाली.

"अडचण आहे ती नसेची." बाईंनी स्वतःच्या कानामागे बोट ठेवलं. "चेहरा हलवणारी नस इथून येते, या ग्रंथीतून जाते आणि तिला फांद्या फुटतात. एक कपाळाला, एक डोळ्याला, अशा. तोंडाच्या कोपऱ्याला जाणारी फांदी बहुतेक गाठीला चिकटली आहे. ती सोडवता आली तर मी सोडवीन. पण गाठ तिच्यात शिरली असेल तर मला दोनच गोष्टी करता येतील. गाठीबरोबर ती फांदी काढायची, किंवा ती ठेवायची आणि तिच्यावरची गाठही थोडी आत ठेवायची."

"काढली तर?" बाबांनी विचारलं.

"तोंड वाकडं होईल. डावा ओठ मिटणार नाही. तुमचं फुंकणं संपेल."

"आणि ठेवली तर?"

"गाठ परत येईल. कधी ते मला सांगता येणार नाही. आली की पुढच्या फांद्या घेईल, मग डोळाही मिटणार नाही. आणि ती तिथेच थांबेल असंही नाही."

बाबा आपल्या हातांकडे बघत होते.

"हे आधी ठरवायला हवं," बाई म्हणाल्या. "मी उघडून बघेन तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. काय करू ते आत्ता सांगा."

"उघडून तर बघा. तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा मी कुणाला विचारू?"

काकांनी पाठ सरळ केली. त्यांना वाटलं असणार, आपलंच नाव येणार. बाबांनी मान न उचलता माझ्याकडे हात केला. "हिला विचारा."

"मला?" माझा आवाज चिरकला.

"ती फौजदार आहे," बाबा बाईंना म्हणाले. "कुणाची भीड ठेवत नाही." आणि त्यांनी सही केली.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून माझं डोकं तापतं. मी दिसेन तिथे काका मला गाठायचे. "नको म्हण," ते सांगायचे. "तुला कळत नाही गं. नळी नसेल तर तो माणूस बसून बसून झुरेल. त्याला असं अर्धं करून ठेवू नकोस. थोडी गाठ राहिली तर राहिली. येईल तेव्हा येईल."

"आणि आली म्हणजे?"

"तोवर तो फुंकेल तरी." काकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, म्हणून तर मला त्यांना काही बोलताही येत नव्हतं.

आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी जे सांगेन ते माझ्या सोयीचं असेल. मला हा माणूस कसाही चालणार आहे." एवढं बोलून ती भाजी निवडायला लागली आणि चांगली पानं टाकून खराब पानं ताटात ठेवत राहिली.

शेवटी मी बाबांनाच विचारलं. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"मला सरळ सांगा बाबा. बाई बाहेर येऊन विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

"तुला तेव्हा जे वाटेल ते."

"गाल तुमचा, तोंड तुमचं, काम तुमचं. मला काय वाटायचंय त्यात?"

"म्हणून तर तुला विचारताहेत."

"हा काय न्याय झाला? तुमच्या मनात काय आहे तेवढं तरी सांगा!"

"जा, आईला मदत कर," बाबा म्हणाले आणि त्यांनी मान फिरवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर हा माणूस भट्टीत किती काच टाकायची इथपासून सगळ्यांना हुकूम सोडत आला आणि आता स्वतःच्या जिवावर बेतलं तर ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून मोकळा झाला. मी आत गेले आणि स्वयंपाकघराचं दार आपटलं.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांना आत नेलं तेव्हा ते चाकाच्या खाटेवर आडवे होऊन छताकडे बघत होते. काकांनी त्यांच्या डाव्या गालाकडे हात नेला, सवयीनंच, आणि मध्येच मागे घेतला. बाबा म्हणाले, "भट्टीकडे लक्ष दे." दार बंद झालं.

आम्ही तिघं बाकावर बसलो. समोरच्या भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. त्यातला हसरा मुलगा मी इतका वेळ बघितला की त्याचा एक दात वाकडा काढलाय हे माझ्या लक्षात आलं आणि त्या चित्रकाराचाही मला राग आला. काका उठायचे, खिडकीपर्यंत जायचे, परत येऊन बसायचे. आई हातातल्या पिशवीचा बंद सोडायची आणि बांधायची. दर वेळी दार उघडलं की आम्ही तिघंही अर्धे उभे राहायचो आणि दुसऱ्याच कुणाची नर्स दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारायची.

मग दार उघडलं आणि सर्जनबाई स्वतः बाहेर आल्या. डोक्याला टोपी, तोंडावरची पट्टी गळ्यात उतरवलेली. मी उभी राहिले.

"बाकी सगळ्या फांद्या मी सोडवल्या," त्या म्हणाल्या. "तोंडाची सुटत नाहीये. गाठ तिच्यात शिरलीय."

"राहू द्या डॉक्टर!" काका पुढे झाले. "तेवढी राहू द्या, मी हात जोडतो. त्याला त्याशिवाय काही नाही हो. विचारा कुणालाही."

बाई त्यांच्याकडे वळल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. "मला यांच्याकडून हवंय."

एक थेंब लाळ नव्हती तोंडात. आईनं माझा दंड धरला होता, पण ती मला मागे ओढत नव्हती की पुढेही ढकलत नव्हती.

"आज ती काढली तर गाठ पूर्ण निघेल?" मी विचारलं.

"मला दिसतेय तेवढी सगळी निघेल."

"डोळ्याची फांदी राहील?"

"राहील."

काका माझ्या नावानं हाक मारत होते. फौजदार नाही, माझं खरं नाव, लहानपणी हाक मारायचे तसं. ते ऐकून माझा धीर सुटत चालला होता. आणखी जरा वेळ गेला असता तर मी गप्पच बसले असते आणि गप्प बसणं म्हणजे 'नको' म्हणणंच झालं असतं.

"काढा," मी म्हणाले.

बाई मान हलवून आत गेल्या. दार मिटलं. काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "त्याला तोंड दाखवशील ना, तेव्हा तूच सांग त्याला, तू काढा म्हणालीस ते," ते म्हणाले आणि जिना उतरून खाली निघून गेले. मी बाकावर बसले. आई शेजारी बसली आणि तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी आत गेले. आईला मी बाहेर थांबायला सांगितलं. काका आले होते, पण माझ्याशी बोलत नव्हते. बाहेर खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभे होते.

बाबा जागे होते. डोक्याभोवती, हनुवटीखालून पट्ट्या. चेहरा उजवीकडे ओढला गेला होता आणि डावा ओठ खाली लोंबत होता. मी इतके दिवस जे मनात रंगवत होते त्यापेक्षा ते बरं दिसत होतं आणि तरी मला बघवेना.

"बाबा, मी काढा म्हणाले," मी दारातूनच सांगून टाकलं.

त्यांनी बोटानं पाणी मागितलं. मी पेला ओठांशी धरला. अर्धं आत गेलं, अर्धं मानेवर ओघळलं. मी पुसलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि गाल फुगवायला गेले. उजवा गाल जरासा भरला आणि हवा डावीकडून फुस्सकन सुटली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"काकाला विचारलंस?" त्यांचं बोलणं ओठांतून सांडत होतं, पण मला कळत होतं.

"विचारायची वेळच आली नाही. मध्येच बोलले. राहू द्या म्हणाले."

"म्हणणारच."

"आणि तुम्ही काय म्हणाला असता?"

"मीही तेच म्हणालो असतो," बाबा म्हणाले. "सगळ्यांसमोर. ठणकावून."

मी खाटेचा दांडा धरला. "मग माझं नाव कशाला दिलंत?"

ते छताकडे बघत राहिले. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, मग डाव्यातूनही.

"मला जगायचं होतं गं," ते म्हणाले.

"मग तसं सांगायचं होतं!" माझा आवाज चढला. "एवढं एक वाक्य! मी किती दिवस जळतेय, काका माझं तोंड बघत नाहीत, मला वाटलं मी तुमचा जीव घेतला, आणि तुम्ही… तुम्हाला एवढं सांगता येत नव्हतं?"

"लाज वाटली," बाबा म्हणाले. "फुंकता येणार नाही तरी मला जगायचंय, हे काकासमोर म्हणायची लाज वाटली. मला ठाऊक होतं, तो नको म्हणेल आणि तू काढा म्हणशील."

मला अजून खूप ओरडायचं होतं. तोंड उघडलं तर ओरडणं आलंच नाही, रडूच फुटलं. बाबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला. मी शांत होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"काकाला आत बोलाव," ते म्हणाले. "त्याला हे मीच सांगतो."

मी डोळे पुसले, दार उघडलं आणि काकांना हाक मारली.